पाळकीणबाई एकट्याच खडवलीला

खडवलीला जायचं मी ठरवलं ते एका मंगळवारी दुपारी, ठाण्यातल्या आमच्या महिला मंडळात, प्रार्थना करता करता. डोळे मिटलेले होते. समोर सतरंजीवर वीस-बावीस बायका बसल्या होत्या आणि माझ्या तोंडून शब्द भराभर बाहेर पडत होते. आजाऱ्यांना बरं कर, प्रवासात असलेल्यांना सांभाळ, विधवांचे अश्रू पूस. मध्येच माझ्या लक्षात आलं की हे बोलता बोलता मी मनात संध्याकाळच्या चहाला कप किती कमी पडतील याचाही विचार करते आहे. दोन्ही कामं अगदी सुरळीत चालली होती. एकाचा दुसऱ्याला धक्कासुद्धा लागत नव्हता.

मी थांबले. वाक्य अर्धंच राहिलं.

"पाळकीणबाई, बरं वाटत नाही का?" मंडळाच्या चिटणीस रिबेकाबाईंनी डोळे उघडून विचारलं.

"मी आत्ता कोणाशी बोलत होते तेच मला कळेना," मी म्हणाले. "पुढचं तुम्ही म्हणा."

त्यांनी पुढचं म्हटलं. बायकांनी आमेन म्हटलं. मी मात्र तिथेच बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

माझा हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच जणी मला विचारतात, तुम्ही शांत बसायला कुठे जाता, तिकडे जायचं कसं, राहायचं कुठे. म्हणून ही पहिल्या वेळची हकीकत सांगते. मी सांगते आणि नात टाइप करते, त्यामुळे शुद्धलेखन तिचं आणि मतं माझी.

पन्नासच्या दशकाचा मध्य. मी सव्वीस वर्षांची. माझे पती आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, आणि त्यांच्याशी लग्न केल्यामुळे मी पाळकीणबाई. घर चर्चच्या मागे, दोन खोल्या आणि पडवी. दाराला कडी होती, पण ती दिवसा लावल्याचं मला आठवत नाही. सोमवारी आजाऱ्यांच्या भेटी, मंगळवारी महिला मंडळ, बुधवारी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग, शुक्रवारी गायनाची तालीम, शनिवारी चर्च झाडून फुलं लावणं, रविवारी सकाळी मुलांची शब्बाथ शाळा आणि मग उपासनेत पेटी वाजवणं. मधल्या वेळात ज्याला ज्याला रडायचं असेल तो आमच्या पडवीत येऊन रडायचा. त्या वर्षी नाताळात मी सलग बारा दिवस पुरतं बसून जेवले नव्हते. सगळं देवासाठी. देव मात्र त्या बारा दिवसांत मला एकदाही आठवला नाही.

यजमानांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते रविवारचा उपदेश लिहीत होते.

"मला चार दिवस हवेत. एकटीला. घराबाहेर."

त्यांनी टाक दौतीत ठेवला. "बरं नाही का तुला?"

"सगळे हेच विचारतात. मी ठणठणीत आहे. मला देवाशी बोलायचं आहे, आणि या घरात ते होत नाही."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मंडळीच्या पंचांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी दावीदराव आले. हे आमचे मुख्य पंच, पोस्टातून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कोटातले, मंडळीसाठी खरोखर झिजणारे गृहस्थ. पडवीत खुर्चीवर ताठ बसून ते म्हणाले, "पाळकीणबाई, प्रार्थना घरातही होते. माझी आई चुलीपुढे बसून करायची."

"तुमच्या आईच्या चुलीपुढे दिवसाला तीस माणसं येत होती का?"

"पाळकाची बायको एकटी परगावी राहिली तर लोक काय म्हणतील?"

"प्रभू स्वतः गर्दी सोडून पहाटे डोंगरावर जायचा. त्याला लोक काय म्हणाले, ते तुम्ही मला शब्बाथ शाळेत कधी शिकवलं नाहीत."

त्यांचा चेहरा लाल झाला. माझं बोलणं उद्धट होतं, हे मला आजही मान्य आहे. पण नरमाईने मागून पाहिलं असतं, तर मला चार दिवस सोडा, चार तासही मिळाले नसते.

खडवली निवडण्याचं कारण साधं होतं. कुसुमताई जोशी नावाची माझी मैत्रीण तिथे राहायची. तिचे यजमान रेल्वेत, पूर्वी ठाण्याला होते, तेव्हा आमच्या मागच्याच चाळीत ते राहत. मग खडवलीला स्टेशनमास्तर म्हणून त्यांची बदली झाली. मी कार्ड टाकलं. चार दिवसांत उत्तर आलं, "क्वार्टरच्या मागची खोली रिकामीच आहे. चार दिवस कसले, चांगली महिनाभर राहा. इथे बोलायला माणूस नाही." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट वाचलं नाही.

पुढच्या बुधवारी निघाले. सरळ ठाण्याला गाडीत बसून जाता आलं असतं, पण आमची निम्मी मंडळी रेल्वेत नोकरीला. फलाटावर पाऊल टाकलं असतं तर कोणीतरी सलाम करून तिथेच एखादं काम गळ्यात मारलं असतं. म्हणून मी खाडीचा रस्ता धरला. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी हिराबाई बाळकूमची. तिचा नवरा पोशा मचव्यातून मिठाची पोती कल्याणला न्यायचा, आणि त्या दिवशी तीही बरोबर जाणार होती. मी टांग्याने बाळकूमला गेले. एक पिशवी, दोन लुगडी, शाल, शास्त्र आणि भाकऱ्या. आज तुम्ही घोडबंदर रोडवरून जाताना जिथे गाड्यांच्या रांगेत अडकता, तिथे तेव्हा भाताची खाचरं होती आणि सकाळी सातला टांग्याच्या घंटेखेरीज आवाज नव्हता.

भरती लागल्यावर मचवा सुटला. वारा नव्हता, तेव्हा पोशा आणि त्याचा भाऊ वल्ही मारत होते. हिराबाई माझ्याकडे निरखून पाहत होती.

"एकली कं चाल्लीस गो बाय? घरान भांडान झाला काय?"

"नाही गं. देवाशी बोलायला चालले आहे."

"टिटवाल्याला?"

"त्याच्या पुढे, खडवलीला. तिथे देऊळबिऊळ नाही. कोणी ओळखत नाही, म्हणून."

ती हसली, पण चेष्टेने नाही. "मना पन जावाचा हाय असा. नुसता बसाचा. पन म्हावरा कोन इकल?" मग तिने माझ्या भाकरीवर सुकटीची चटणी घातली आणि डोक्यावरून पदर ओढून ती मिठाच्या पोत्याला टेकून झोपली. तिला वेळ मिळाला आणि तिने तो घेतला, कोणाला न विचारता. मला तिचा हेवा वाटला.

कशेळी मागे पडली. उजव्या हाताला पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबतीला होता. दिव्याच्या बाजूला कांदळवनात बगळे बसलेले. डोंबिवलीजवळ, मोठागावच्या काठावर बायका कपडे धूत होत्या, त्यांनी हात हलवला. डोंबिवली तेव्हा झाडांतून दिसणारी थोडी कौलं, एवढीच. दुपारी एकच्या सुमाराला दुर्गाडीचा किल्ला दिसला आणि त्याच्या पायथ्याशी कल्याणचं बंदर. पोशाने भाडं घेतलं नाही. "तुझे देवाला आमचा पन सांग," एवढंच म्हणाला.

कल्याण स्टेशनवर निर्वासितांच्या कॅम्पातला एक म्हातारा सिंधी भाजलेले पापड विकत होता. मी एक घेतला. त्याने हिंदीत विचारलं, कुठे? मी म्हटलं, खडवली. "वहाँ क्या है?" "कुछ नहीं." त्याने आणखी एक पापड माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ये रास्ते के लिए." कसाऱ्याकडे जाणारी पॅसेंजर तीनला सुटली. डब्यात मी आणि रिकाम्या किटल्या घेऊन गावी परतणारा एक दूधवाला. शहाड, टिटवाळा, मग खडवली. उतरले ते दोघंच, मी आणि तो.

कुसुमताई फलाटावर उभीच होती. तिने माझी पिशवी हिसकावून घेतली आणि बोलायला सुरुवात केली. क्वार्टरपर्यंत बोलली, चहा करताना बोलली, भात लावताना बोलली. तीन वर्षांत साचलेलं सगळं. दिवसाला मोजक्या गाड्या, त्या गेल्या की नवरा तारयंत्रापाशी आणि ही भिंतीपाशी. मी ठाण्याहून ज्या शांततेसाठी पळून आले होते, तीच शांतता इथे एका बाईला खाऊन टाकत होती.

दावीदरावांना नाही म्हणणं सोपं होतं. कुसुमताईला नाही म्हणणं अवघड होतं. तरी जेवण झाल्यावर मी तिचा हात धरून सांगितलं, "कुसुम, सकाळी उजाडल्यापासून बारापर्यंत मी नदीवर एकटी बसणार. तू यायचं नाहीस. जेवणानंतर संध्याकाळपर्यंत मी सगळी तुझी."

तिचा चेहरा पडला. "देवाशी बोलायला इतका वेळ लागतो?"

"माहीत नाही. कधी बोललेच नाही."

भातसा नदी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. जानेवारीत पाणी गुडघाभर, मधून मधून काळे खडक, काठाला करंज आणि उंबर. पलीकडच्या शेतांत भात निघून गेला होता आणि वाल वर आले होते. गुरुवारी सूर्य उगवताना मी एका सपाट खडकावर शाल गुंडाळून बसले. म्हटलं, प्रभो, मी आले.

मग मनात सुरू झालं: शनिवारची फुलं कोण आणेल. शब्बाथ शाळेच्या मुलांची वचनं पाठ झाली का. पेटीचा एक सूर बसका येतो, तो दुरुस्त करायला द्यायचा राहिला. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. अर्ध्या तासात मी खडकाच्या आजूबाजूची वाळलेली पानं गोळा करून जागा स्वच्छ करायला लागले होते! हात रिकामे राहायला तयारच नव्हते. शेवटी वैतागून आडवी झाले आणि मला गाढ झोप लागली. जागी झाले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पहिला दिवस असा गेला. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सल्ला आहे, झोप आली तर झोपा. थकलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

दुपारी मी कुसुमताईची झाले. वालाचं बिरडं करायला आम्ही दोघींनी मिळून वाल सोलले. सोलता सोलता तिने विचारलं, "करुणा, तुझी सुधा आता तीन वर्षांची असती ना गं?"

मी म्हटलं, "हो." आणि वाल सोलत राहिले.

सुधा माझी मुलगी. अकरा दिवस जगली. तिला माती दिली तो दिवस शुक्रवार होता, आणि रविवारी मी उपासनेत पेटी वाजवली. बायका म्हणाल्या, पाळकीणबाईंचा विश्वास बघा. रिबेकाबाईंनी माझं उदाहरण मंडळात दिलं. तेव्हापासून मी थांबले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी त्याच खडकावर बसले, आणि या वेळी याद्या आल्या नाहीत. त्या यायच्या आधीच मी बोलले. मोठ्याने. नदीवर कोणी नव्हतं, एक खंड्या होता तो उडून गेला.

"तू तिला का नेलंस?"

प्रार्थनेची सुरुवात अशी करतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण एकदा तोंड उघडलं आणि मग मला थांबता येईना. मी देवाला म्हटलं, मी तुझ्या लोकांना पाणी दिलं, तुझ्या विधवांचे डोळे पुसले, तुझी गाणी वाजवली, आणि तू माझ्या एकुलत्या एका बाळाला बारावा दिवससुद्धा दाखवला नाहीस. मला तुझा राग आहे. तीन वर्षं मला तुझं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून मी तुझ्याच घरात, तुझ्याच कामात लपून बसले. सगळ्यांना वाटलं मी तुझ्या जवळ आहे. मी तुला टाळत होते.

हे मी म्हणाले तेव्हा ते मलाही पहिल्यांदाच कळलं. मी तिचं नाव घेतलं. सुधा. तीन वर्षांत मी ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मग मी रडले, तशी मी लहानपणीही रडले नव्हते. लुगड्याचा पदर भिजला, नाक वाहत होतं, आवाज फाटला होता. वीज कोसळली नाही. उत्तरही आलं नाही. पण इतकं नक्की की मी रिकाम्या हवेत ओरडत नव्हते. कोणीतरी ऐकत होतं आणि उठून जात नव्हतं.

तेवढ्यात मागून हाक आली. "पाळकीणबाई!"

दावीदराव. बूट हातात, विजार घोट्याच्या वर दुमडलेली, कोट तसाच. सकाळच्या गाडीने आले होते.

"मिशनचे मोठे साहेब रविवारऐवजी उद्याच येतायत," ते धापा टाकत म्हणाले. "साठ माणसांचा चहा आहे. गायन आहे. पेटीवर कोणी नाही. दोनची गाडी आहे, चला."

मी तोंड धुतलं नाही, पदर सारखा केला नाही. तशीच त्यांच्याकडे वळले. "मी उद्या संध्याकाळी येईन. ठरल्याप्रमाणे."

"तुमच्या लक्षात येत नाही. साहेब म्हणजे... शाळेच्या इमारतीची मंजुरी त्यांच्या हातात आहे."

"शाळेच्या इमारतीला पेटी लागत नाही, दावीदराव."

"हे देवाचं काम आहे, बाई!"

"माझं त्याच्याशीच बोलणं चाललंय. मध्येच उठून त्याच्या कामाला जाऊ? त्याला काय सांगू, थांब, तुझ्यासाठी चहा करायचा आहे?"

त्यांनी माझा चेहरा तेव्हा नीट पाहिला असावा. त्यांचा आवाज उतरला. "काय झालं? वाईट बातमी आली का काही?"

"तीन वर्षांपूर्वी आली होती. मी आज ऐकली."

 खडकाच्या टोकाला बसून त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. सुधाच्या छोट्या शवपेटीचं एक टोक त्यांनीच धरलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटलं आता ते समजून घेतील. पण उठताना ते म्हणाले, "दुःख सगळ्यांना असतं. कर्तव्य टाळायला ते कारण होत नाही. मला हे पंचांसमोर ठेवावं लागेल."

"जरूर ठेवा."

ते दगडांवरून सांभाळून पाय टाकत निघून गेले.  जावं का, साठ माणसं आहेत, यजमान एकटे पडतील, हे सगळं मनात आलं. दोनची गाडी नदीवरच्या पुलावरून गेली तेव्हा मी जेवायलाही न जाता खडकाला दोन्ही हातांनी धरून बसले होते. उठायचं नाही म्हणून.

शनिवारची सकाळ सांगण्यासारखी नाही, कारण काही घडलंच नाही. मी बसले. बोलायचं काही उरलं नव्हतं. पाणी वाहत होतं, वालाच्या शेतात एक बाई वाकून निंदत होती, ऊन हळूहळू पायांपर्यंत आलं. बारा कधी वाजले ते कळलं नाही. एखाद्या जुन्या माणसाशेजारी मुकाट बसावं, तसं.

निघताना कुसुमताईने वालाची पुरचुंडी दिली आणि फलाटावर म्हणाली, "मीही काल सकाळी मागच्या ओट्यावर बसून पाहिलं. एकटीच होते, पण नेहमीसारखं वाटलं नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "तरी लवकर ये हं. मला बोलायला माणूसही लागतं."

परत येताना सरळ गाडीने ठाण्याला आले. कल्याणला बदलावी लागली तेवढीच. दिवस मावळायच्या आत घरी पोचले. साहेब येऊन गेले होते. यजमान मागच्या अंगणात उकिडवे बसून मागून आणलेले साठ कप एकटे धूत होते.

"गायन कसं झालं?" मी विचारलं.

"पेटीवाचून गायले. जरा वर-खाली झालं. साहेबांनी डुलकी काढली." ते हसले नाहीत. "तू काय केलंस तिथे?"

"सुधाचं नाव घेतलं. देवाशी भांडले."

त्यांच्या हातातला कप पाण्यात तसाच राहिला. ते म्हणाले, "तिला माती देताना शास्त्र वाचणारा मीच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक लग्न लावलं. नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. त्यानंतर मी एकटा असताना एकदाही गुडघे टेकलेले नाहीत, करुणा. लोकांसमोर टेकतो. लोक नसले की भीती वाटते."

एवढ्या वर्षांत मी त्यांना उपदेश करताना शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यांचं इतकं खरं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी कप विसळायला बसले. आम्ही दोघंही रडत होतो आणि कप एकेक करून पालथे घालत होतो.

मंगळवारी पंचांची सभा भरली. मला बोलावलं. महिला मंडळाचं अध्यक्षपद माझ्याकडून काढून रिबेकाबाईंना द्यायचं ठरलं. मी म्हटलं, द्या, त्या चांगलं सांभाळतील. आणखी काही म्हणायचं आहे का, असं दावीदरावांनी विचारलं.

"आहे. इथून पुढे दर गुरुवारी उजाडल्यापासून बारापर्यंत आमचं दार बंद राहील."

"याला सभेची परवानगी लागेल."

"मी परवानगी मागायला आले नाही. तुम्ही येऊन ताटकळू नये म्हणून कळवायला आले."

खोलीच्या कोपऱ्यात बसलेले माझे यजमान, जे सभेत सहसा तोंड उघडत नसत, ते उभे राहिले आणि म्हणाले, "दार आतून मी लावणार आहे." 

पुढच्या महिन्यात मी त्यांना खडवलीला पाठवलं. पिशवी मीच भरली. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दावीदराव दारात हजर.

"पाळकसाहेब कुठे आहेत?"

"बाहेरगावी. शनिवारी येतील."

"गावाचं नाव?"

"तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जाऊन आलेले आहात. या वेळी जाऊ नका."

"आणि तोवर कोणाला गरज पडली तर?"

"मी आहे. मला जमलं नाही तर तुम्ही आहात. तुम्हालाही नाही जमलं, तर चार दिवस लोकांना सरळ देवाकडेच जाऊ द्या."

 ते निघून गेले, आणि पुढची तीन-चार वर्षं आमच्या घरी कामाशिवाय आले नाहीत.

आता हिशेबाच्या गोष्टी. तुम्हाला खडवलीला जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, हल्ली नदीवर सहलीवाल्यांची झुंबड असते. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, खडक निसरडे आहेत आणि पाणी अचानक वाढतं. मचव्याचा रस्ता आता नाही. जेवण बरोबर न्या. आणि खडवलीच हवी असं काही नाही. मानपाड्याला राहणारी माझी एक वाचक तिच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसते. ती म्हणते, तिथेही लोक शोधत येतात. येऊ द्या. नाही म्हणायचं.

लोक मला विचारतात, त्या चार दिवसांनी काय मिळालं. अध्यक्षपद गेलं ते परत मिळालं नाही. काही बायकांनी शेवटपर्यंत मला माफ केलं नाही. सुधाबद्दल जे विचारलं होतं, त्याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही, आणि कोणी उत्तर घेऊन आलंच तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. पण गेल्या साठ-बासष्ट वर्षांत गुरुवार चुकवलेले नाहीत. यजमान गेले ते एका बुधवारी. घरभर माणसं होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि मोठ्याने भांडायला सुरुवात केली.